बर्फावरचा थांबा

शनिवारी, आठ मार्चला, दुपारी दोनच्या सुमारास पोर्ट हॅलमचा फिनिश हॉल सरोवरावरच्या बर्फातून खाली गेला. तेव्हा तो दोन काठांच्या मधोमध, कॉफीच्या खडकाशी उभा होता. आत एकच माणूस होता. तो खिडकीतून बाहेर आला. कोणी दगावलं नाही. इमारत खिडक्यांच्या चौकटींपर्यंत बुडाली, तळाच्या खडकावर टेकली आणि पूर्वेला कलून थांबली. स्वयंपाकघराचं टोक वर राहिलं. त्यानंतरही थोडा वेळ धुराड्यातून धूर येत होता असं बरेच जण सांगतात, आणि ते खरं असावं.

हॉल निघाला तोच एकशे बारा वर्षं उशिरा.

पोर्ट हॅलम मुळात दक्षिण काठावर वसलं होतं. लाकडाची गिरणी, धक्का, दोन चर्च, शाळा, सगळं तिकडे. मग रेल्वे आली ती उत्तर काठाने. आगगाडी सरोवर ओलांडून येणार नव्हती, तेव्हा शहरच उठून आगगाडीकडे गेलं. १९११ पासून चार हिवाळे घरं बर्फावरून ओढून नेली. घराखाली लांब ओंडके सारायचे, त्यांना खालून लोखंडी पट्ट्या ठोकायच्या आणि पुढे घोडे जुंपायचे. आजही आमच्याकडे कोणी घर विकायला काढलं की घेणारा आधी विचारतो, कुठल्या सालचं. बांधलं कधी, हे त्याला नको असतं; ओलांडलं कधी, हे हवं असतं.

घर नेताना त्यातली चूल विझवायची नाही, असा रिवाज तेव्हा पडला. घरची बाई आत थांबायची आणि चुलीवर कॉफी ठेवायची. निम्म्या वाटेवर पाण्याखाली एक मोठा खडक आहे, तोच कॉफीचा खडक. तिथे पाणी उथळ, म्हणून जागा भरवशाची, असं जुन्या लोकांना वाटायचं. घोडे तिथे दम खायला थांबायचे. आधी ओलांडून गेलेले लोक नव्या काठावरून आपापले कप घेऊन तिथवर चालत यायचे, त्या घरातली कॉफी प्यायचे आणि घराबरोबर चालत परत जायचे. ज्याची कॉफी प्यायली तो शेजारी, मग त्याचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला का लागेना. जे घर चूल विझवून, न थांबता आलं त्याला 'गार चुलीचं' म्हणत. शब्द अजून आहे. शाळेत पोरं भांडली की एकमेकांना तेच म्हणतात. आमच्या महापौर लॅरिसा होल्युक यांचं घर गार चुलीचं आहे, आणि गेल्या निवडणुकीत विरोधकांनी ते दारोदार सांगितलं. लॅरिसाबाईंनी सभेत उत्तर दिलं की घर माझ्या आजोबांनी तसंच विकत घेतलं, आणि आता त्यात गॅसचा हीटर आहे, ज्यांना थंडी वाजते त्यांनी येऊन बसावं. त्या निवडून आल्या.

फिनिश हॉल फिनलंडहून आलेल्या लाकूडतोड्यांनी सुट्टीच्या दिवशी, स्वतःच तोडलेल्या लाकडांचा बांधला. वर गॅलरी, खाली नाचायची फरशी, एका टोकाला रंगमंच, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघर. तिथे नाटकं व्हायची, वाचनालय होतं, आणि १९१३च्या हिवाळ्यात गिरणीत संप झाला तेव्हा संपाच्या सभाही तिथेच झाल्या. फेब्रुवारीत संप मोडला. मार्चमध्ये हॉल पलीकडे न्यायचं आधीच ठरलेलं होतं. ओंडके सारून झाले होते, घोडे जुंपले होते, हिल्मा टुओमेला नावाच्या बाईने मोठ्या किटलीत कॉफी उकळत ठेवली होती. सकाळी नगर परिषदेचा माणूस बर्फावरून चालत आला आणि त्याने सांगितलं की चर्च, शाळा आणि दुकानं सोडून कुठलीही सार्वजनिक इमारत नव्या काठावर येणार नाही, तसा ठराव झाला आहे. दोन आठवड्यांनी कर्लिंग क्लबची, म्हणजे बर्फावर दगड सरकवायचा खेळ खेळणाऱ्यांची, शेड ओलांडून गेली. तिला कोणी अडवलं नाही.

त्या सकाळी कप घेऊन नव्या काठावर जमलेले लोक घरी परतले. काय झालं ते विचारायला कोणी पलीकडे आलं नाही. हिल्माने किटली बर्फावर उपडी केली. त्याचा तपकिरी डाग वसंतापर्यंत दिसत होता असं फिनिश घरांतून सांगतात. वर नवा बर्फ पडत असताना डाग दिसणं शक्य नाही, पण सांगतात.

फिनिश लोकांची घरं ओलांडून आली, हॉल तिकडेच राहिला. पन्नास-साठ वर्षं ते नाचायला उलटं पलीकडे जात राहिले. हिवाळ्यात बर्फावरून, उन्हाळ्यात होड्यांतून. मग मुलं मोठ्या शहरांत गेली. जुन्या काठावर झाडं उगवली. हॉल सोसायटीचे सभासद उरले दोन. एक आइली टुओमेला, हिल्माची नात, वय त्र्याऐंशी. तिने हायस्कुलात आयुष्यभर भूगोल शिकवला, त्यामुळे अर्धं शहर तिला बाई म्हणतं. दुसरा उर्हो लांपी, होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा, तिच्याहून तीन वर्षांनी लहान. सोसायटीची वार्षिक सभा आइलीच्या स्वयंपाकघरात होते. अध्यक्ष ती, बाकी सगळं उर्हो.

गेल्या वर्षी परिषदेने १९१३चा ठराव एकमताने रद्द केला आणि हॉल आणून वाचनालयाशेजारच्या मोकळ्या जागेवर ठेवायचं ठरवलं. छप्पर आणखी दोन हिवाळे टिकेल असं तज्ज्ञांनी सांगितलं होतं. आइली त्या सभेला हजर होती. सगळे हात वर झाल्यावर ती एवढंच म्हणाली की हात वर करायला फार वेळ लावलात. लोक हसले. ती हसली नाही.

हॉल हलवायचं काम रोझेर गान्योंकडे गेलं. त्याचे पणजोबा त्या चार हिवाळ्यांत घोडे हाकायचे. रोझेर आता घरं रस्त्याने हलवतो. बर्फावरून त्याने काही लाकडी केबिन नेल्या होत्या, एवढी मोठी इमारत कधी नाही. तो म्हणाला, जानेवारीच्या शेवटी नेऊ, एका दमात नेऊ, वाटेत कुठेही थांबणार नाही.

आइली म्हणाली, कॉफीच्या खडकाशी थांबणार नसाल तर हॉल आहे तिथे बरा आहे.

त्यावरून तिच्या स्वयंपाकघरात जी बैठक झाली तिला रोझेर, लॅरिसाबाई आणि उर्हो होते. तिघांनी नंतर मला जे सांगितलं ते जवळपास सारखं आहे.

"बाई, उभं वजन वेगळं आणि चालतं वजन वेगळं," रोझेर म्हणाला. "चालत्या वजनाखाली बर्फ वाकतो आणि परत वर येतो. उभ्या वजनाखाली तो वाकतच जातो. आणि खडकाशी पाण्याला ओढ आहे, बर्फ खालून झिजतो तिथे."

"तुझे पणजोबा थांबायचे."

"त्यांच्या मागे चार खोल्यांचं घर असायचं. आणि महिना जानेवारीचा."

"मग जानेवारीत ने."

"नेतो ना. हॉल तुमच्या सोसायटीचा, तुम्ही सही करा, नेतो."

"थांबणार म्हण, करते."

उर्हो वेलदोड्याच्या पावाचा तुकडा कॉफीत बुडवत होता. "रोझेर, या बाईला मी एकोणीसशे चौसष्ट साली नाचायला ये म्हटलं होतं," तो म्हणाला. "नाही म्हणाली ती अजून नाहीच म्हणतेय. तू पाव खा."

"तुला नाचता येत नव्हतं," आइली म्हणाली.

जानेवारी असा गेला. फेब्रुवारीही निम्मा गेला. लॅरिसाबाई एकदा रोझेरच्या गॅरेजात, एकदा आइलीकडे अशा फेऱ्या मारत राहिल्या. थांबायचं नाही, असं त्या ठणकावून सांगू शकल्या असत्या. कागदोपत्री काम परिषदेचं होतं. का सांगितलं नाही, असं नंतर हॉल बुडाल्याच्या चौकशीत त्यांना विचारण्यात आलं. त्या म्हणाल्या, "या बाईंच्या आजीला कॉफी नको म्हणणारी एक परिषद होऊन गेली आहे. मला दुसरी व्हायचं नव्हतं."

फेब्रुवारीच्या शेवटी तडजोड झाली. हॉल खडकाशी थांबेल, पण कप भरून प्यायला लागतो तितकाच वेळ. कॉफी आइली, उर्हो, महापौर आणि रोझेरची माणसं एवढ्यांनीच घ्यायची. बाकी शहराने नव्या काठावर दोरीच्या मागे उभं राहायचं. रोझेरने सगळ्या वाटेवर बर्फाला भोकं पाडून जाडी मोजली. खडकाशी बर्फ इतर ठिकाणांहून पातळ निघाला. चालत्या वजनाला पुरेल, तो म्हणाला, आणि थोड्या थांब्यालाही पुरेल. 'थोड्या' म्हणजे किती, हे तेव्हा कोणी विचारलं नाही. मध्ये चार दिवस ऊन पडलं, छपरांवरून पाणी ठिबकलं, मग पुन्हा कडाका आला. आठ मार्च ठरली.

त्या दिवशी आकाश स्वच्छ होतं. सकाळी दहानंतर जुन्या काठावरच्या झाडांतून धूर दिसला आणि मग हॉल बर्फावर उतरला. पुढे दोन ट्रॅक्टर, लांब तारा लावलेले, म्हणजे त्यांचं वजन आणि हॉलचं वजन एका जागी येऊ नये. नव्या काठावर रेल्वे स्टेशनपासून वाचनालयापर्यंत माणसं उभी होती. बोलणं फारसं नव्हतं. काही जण सांगत होते की हॉल चालतोय असं वाटतच नाही, नुसता दर वेळी बघावं तेव्हा जवळ आलेला असतो.

कॉफीच्या खडकाशी ट्रॅक्टर थांबले. हॉलच्या दाराशी तात्पुरती लाकडी पायरी लावली होती. तिथे आइली किटली घेऊन आली. तिने आजीचा पांढरा एप्रन घातला होता आणि वर मोठा कोट. उर्हो आत चुलीशी होता. दुसरी किटली त्याने चढवली होती.

दोरीखालून पहिला गेला तो कर्लिंग क्लबचा अध्यक्ष. सत्तरीचा माणूस, जड बूट, हातात कप. हवालदाराने त्याला हटकलं. तो म्हणाला, "आमची शेड गेली तेव्हा कोणी अडवलं नव्हतं. आधी आम्हीच जायला पाहिजे." मग दुसरा गेला, मग एक कुटुंब गेलं, मग दोरी कोणीतरी खाली ठेवली.

धक्काबुक्की झाली नाही, आरडाओरडा झाला नाही. लोक रविवारी चर्चला निघावेत तसे निघाले. दोरीमागे थांबायचं हे सगळ्यांना माहीत होतं. पेपरात आलं होतं, रेडिओवर सांगितलं होतं. तरी जवळपास प्रत्येकाच्या कोटाच्या खिशातून कप निघाला. म्हणजे घरातून निघतानाच ठरलेलं होतं, प्रत्येकाने आपल्या आपण ठरवलं होतं. निळ्या काठाचे, कान तुटलेले, कपाटात वर ठेवलेले आज्यांचे कप.

आइलीने एकेकाचा भरला. ज्यांना तिने शिकवलं होतं त्यांना नावाने हाक मारली. किटली संपली की उर्हो आतून दुसरी द्यायचा. एका बाईने रडायला सुरुवात केली तेव्हा आइलीने तिला बाजूला व्हायला सांगितलं, मागे लोक आहेत म्हणून.

रोझेर पायरीशी आला. निघूया म्हणाला. आइलीने ऐकलं आणि पुढचा कप भरला. तो परत गेला आणि हवालदाराला लोकांना मागे न्यायला सांगितलं. लोक हसून बाजूला व्हायचे आणि तो पुढे गेला की पुन्हा रांगेत यायचे. ट्रॅक्टरच्या तारांमध्येही माणसं उभी होती. तारा ताणल्या असत्या तर पाय गेले असते. कोणीतरी रोझेरच्याही हातात कप दिला. तो त्याने प्यायला. हे त्याने चौकशीत कोणी न विचारता सांगितलं.

तो पुन्हा पायरीशी गेला.

"बाई, झालं आता."

"एवढी रांग संपू दे."

"रांग संपत नाहीये. मागून वाढतेय."

"मला दिसतंय," आइली म्हणाली. "मला हेच बघायचं होतं, रोझेर."

तिला उचलून आत ठेवायला हवं होतं आणि लोकांवर ओरडायला हवं होतं, असं रोझेर आता म्हणतो. तेव्हा त्याला ते जमलं नाही. नववीत असताना नकाशावर सरोवर चुकीच्या जागी काढलं म्हणून याच बाईंनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं होतं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो त्यांना खूश झालेलं बघत होता.

हॉलच्या मागच्या ओंडक्यांपाशी बर्फावर ओल दिसायला लागली. आधी एक गडद रेघ, मग तिच्याभोवती चकती. पाहिली बऱ्याच जणांनी. बहुतेकांना ती सांडलेली कॉफी वाटली.

रोझेरला वाटली नाही. त्याने कप बर्फावर ठेवला आणि रांगेच्या कडेने चालत गेला. प्रत्येकाला हळू आवाजात सांगत गेला की उत्तरेकडे चालायला लागा, पळू नका, एकत्र चालू नका. त्याचा चेहरा बघून लोक निघाले. बऱ्याच जणांनी कप तिथेच खाली ठेवले. आइली पायरीवरून हलेना. त्याने तिच्या हातातून किटली काढून घेतली, तेव्हा ती उतरली.

लोक लांब गेल्यावर त्याने ट्रॅक्टर चालू करायला सांगितले. हॉलचं पुढचं टोक उचललं गेलं, थोडं सरकलंही. मग मागचा ओंडका आत गेला. आवाज स्टेशनापर्यंत ऐकू आला. रोझेरने तारा तोडायला लावल्या, नाहीतर ट्रॅक्टरही गेले असते. उर्होला बाहेर ये म्हणून दोनदा सांगितलं होतं. तो आतच होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो निघाला तेव्हा कमरेपर्यंत भिजला होता. हवालदाराने आणि लॅरिसाबाईंनी शिडी आडवी टाकून त्याला ओढलं. दवाखान्यात त्याने नर्सला सांगितलं की बुडालो वगैरे काही नाही, फक्त फरशी ओली होती.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी खडकाजवळचे कप गोळा केले आणि खोक्यांत घालून नगर परिषदेच्या दाराशी ठेवले. ज्याचा त्याने ओळखून न्यावा अशी सूचना लावली. अजून एकही कप कोणी नेलेला नाही. येणारे-जाणारे खोक्यांकडे बघत नाहीत. आपला कप तिथे आहे हे ज्याला त्याला ठाऊक आहे, आणि शेजाऱ्याचा कुठला हेही.

आइलीच्या दाराशी लोक पाव, सूप, मासे ठेवून जात होते. कोणी घंटी वाजवत नव्हतं. ती दार उघडत नव्हती. डबे पायरीवर गोठत होते.

शहराने तिला तोंडावर काही म्हटलं नाही. पण मुख्य रस्त्यावरच्या न्हाव्याच्या दुकानात आठवडाभरात एक वाक्य फिरायला लागलं: तेरा सालच्या परिषदेला कळत होतं म्हणायचं. म्हणणारा हसत म्हणतो, ऐकणारा हसतो. कर्लिंग क्लबचा अध्यक्ष ते ऐकून अर्धी दाढी तशीच ठेवून उठला, असं न्हावी स्वतः सांगतो. वाक्य आइलीपर्यंत पोचायचं राहिलं नाही. तिच्या आजीला अडवणाऱ्यांना एकशे बारा वर्षांत कोणी शहाणं म्हटलं नव्हतं. आता म्हणतात.

पुढच्या आठवड्यात प्रांताच्या पर्यावरण खात्याचं पत्र आलं. बर्फ फुटण्याआधी इमारत सरोवरातून निघाली पाहिजे. फुटलेला बर्फ वाऱ्याने उत्तरेकडे येतो, आणि शहराचं पिण्याचं पाणी जिथून उचलतात ती जागा वाटेतच आहे. रोझेरने जाऊन पाहणी केली आणि सांगितलं की अख्खा हॉल आता ओढून निघणार नाही, त्या बर्फावर यंत्र नेता येणार नाही. दोन वाटा उरल्या. एक, हॉल आहे तिथेच जाळायचा, बर्फाच्या पातळीपर्यंत, आणि खालचं नंतर होड्यांनी काढायचं. जुन्या काळी अडकलेल्या घरांचं तेच करत. दुसरी, थोडी माणसं पायी जाऊन हाताच्या करवतींनी छप्पर, गॅलरी आणि रंगमंचाचा वरचा भाग उतरवून आणतील, जमेल तेवढं. माणसं रोझेर देणार होता, आणि पहिला तो स्वतः जाणार होता.

कुठलंही करायचं तरी सोसायटीच्या दोन्ही सभासदांच्या सह्या लागतात. हॉल अजून त्यांचा आहे.

रोझेर आइलीच्या दाराशी गेला. तिने दार उघडलं नाही, पण आतून बोलली.

"रंगमंचाचा पडदा वर गुंडाळलेला आहे, बाई. तो कोरडा असणार. मी आणून देतो."

"तू त्या बर्फावर परत जायचं नाहीस."

"मला माहीत आहे कुठे पाय ठेवायचा."

"तेव्हाही माहीत होतं तुला," ती म्हणाली. "मी ऐकलं नाही. जा घरी."

म्हणजे ती जाळायला तयार होती, असं लॅरिसाबाईंना वाटलं. उर्हो तयार नव्हता. दवाखान्यातून सुटल्यावर तो दुसऱ्याच दिवशी आइलीकडे गेला. त्याच्यासाठी तिने दार उघडलं. तिथे काय झालं ते त्यानेच मला सांगितलं, आणि लिहायला हरकत नाही म्हणाला.

त्याने तिला सांगितलं की पाणी रोझेरच्या आधी त्याला दिसलं होतं. चुलीमागच्या फरशीच्या फटीतून ते खाली बर्फावर साचताना दिसलं होतं, रांग निम्मीही झाली नव्हती तेव्हा. त्याने चुलीत आणखी लाकूड घातलं.

"मला हाक मारायची होतीस," आइली म्हणाली.

"मारली असती तर थांबली असतीस?"

मग त्याने सांगितलं की तो तिला इतकी वर्षं बघतोय, पण त्या पायरीवर ती जशी उभी होती तशी त्याने कधी बघितली नव्हती, आणि त्याच्याने ते मोडवलं नाही. आइली म्हणाली की हॉल तिचा एकटीचा नव्हता. उर्हो म्हणाला, हो, अर्धा माझा, म्हणूनच सांगतोय.

बुधवारी, एकोणीस मार्चला, दुपारी तीन वाजता तिच्या स्वयंपाकघरात सोसायटीची सभा भरली. लॅरिसाबाई आणि रोझेर बाहेर ट्रकमध्ये बसून होते. दोन्ही कागद तयार होते, एक जाळायचा, एक उतरवायचा. उशीर करायला जागा नव्हती. सरोवरावरचा बर्फ काठाशी काळा, म्हणजे कच्चा, पडायला लागला आहे, आणि हवामानखात्याने शुक्रवारपासून ऊन सांगितलं आहे.

चारच्या सुमारास उर्हो टोपी न घालता बाहेर आला आणि पायरीवर, गोठलेल्या डब्यांच्या बाजूला बसला. लॅरिसाबाईंनी ट्रकची काच खाली करून काय ठरलं ते विचारलं.

"कॉफी ठेवलीय तिने," तो म्हणाला. "चार कप काढलेत, तुमचे दोन धरून."

सही झाली का, हे त्याने सांगितलं नाही. लॅरिसाबाईंनीही पुन्हा विचारलं नाही. रोझेरने ट्रकचं इंजिन बंद केलं, पण खाली उतरला नाही.

त्याच संध्याकाळी हे लिहीपर्यंत कोणी आत गेलेलं नाही. पोस्टाच्या पायऱ्यांवरून हॉल दिसतो. पूर्वेकडचा कल सकाळपेक्षा वाढला आहे.